उजवीकडची जागा

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी एक दांपत्य आपल्या मुलाला घेऊन धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. मुलगा आठवीत. विनंती साधी होती. दृढीकरण संस्काराच्या तयारीचा वर्ग रविवारी मिस्सानंतर भरतो आणि नेमक्या त्याच वेळी मुलाच्या क्लासची चाचणी असते. तेव्हा दोन वर्षे त्याला सूट द्यावी. "मिस्सा चुकवणार नाही, फादर. शनिवारी संध्याकाळी येईल तो," आई म्हणाली. क्लास कसला, असे आम्ही विचारले. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेचा 'फाउंडेशन' वर्ग, सहावीपासून चालू असलेला. परीक्षा बारावीला! आम्ही मुलाकडे वळून म्हणालो, "तुला आवडतो का रे क्लास?" उत्तर देण्यापूर्वी त्याने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "हो, फादर."

विचार करून कळवतो, असे सांगून आम्ही त्यांना निरोप दिला. विचार करायचा होता तो वर्गाच्या वेळेचा. परंतु मनात घर करून राहिली ती त्या मुलाची नजर.

मुलांसाठी जागा मागायला आलेली आई शुभवर्तमानातही आहे. संत मत्तयाने तिचे नाव सांगितलेले नाही. जब्दीच्या पुत्रांची आई एवढीच तिची ओळख. ती प्रभूपुढे गुडघे टेकते आणि आपल्या दोन मुलांना त्याच्या राज्यात एकाला उजवीकडे व एकाला डावीकडे बसायला मिळावे, असे मागणे घालते. प्रवचनांतून या बाईला आजवर पुष्कळ बोल लावले गेले आहेत, आणि त्या पापात आम्हीही सहभागी आहोत. परंतु तो प्रसंग नीट वाचला, तर प्रभूने तिची निर्भर्त्सना केल्याचे कोठेही आढळत नाही. तो मुलांकडे वळतो. जो प्याला मी पिणार आहे तो तुमच्याने पिववेल काय, असे त्यांना विचारतो. मागणी आईची, प्रश्न मात्र पुत्रांना. ते दोघेही तत्काळ होकार देतात. त्या होकाराचा अर्थ त्यांना त्या क्षणी कितपत कळला असेल, हा भाग निराळा.

आता ज्या जागेसाठी आमच्या काळातील आई गुडघे टेकते, तिच्याविषयी थोडे. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली खरगपूर येथे पहिली आयआयटी सुरू झाली, १९५८ साली आपल्या पवईची. आज देशात अशा २३ संस्था आहेत. २०२४ साली त्या सर्वांत मिळून सुमारे १७,७०० जागा होत्या. पहिल्या पायरीची परीक्षा देणारी मुले होती १४ लाखांच्या घरात. त्यांतील वरच्या अडीच लाखांना दुसऱ्या पायरीच्या परीक्षेस बसता येते, आणि तीही सलग दोन वर्षांतच, जास्तीत जास्त दोनदा. म्हणजे प्रारंभी उंबरठ्याशी आलेल्या शंभरांपैकी एखाद दुसराच आत जातो.

या चाळणीतून मुलाला पार पाडण्याचा व्यवसाय ज्या कोटा शहराच्या नावाने ओळखला जातो, तेथील आरंभ मोठा हृद्य आहे. कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात नोकरीला असलेले व्ही. के. बन्सल नावाचे अभियंता स्नायूंच्या असाध्य आजाराने ग्रासले होते. १९८०च्या दशकात ते घरातल्या जेवणाच्या टेबलाशी मुलांना गणित शिकवू लागले. पांगळे होत चाललेले शरीर आणि भोवती बसलेली चार मुले, यांत कोणाला काही गैर वाटावे असे नव्हते. त्याच शहरात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि त्या ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. भार पडताच पंखा खाली यावा म्हणून. जेवणाच्या टेबलापासून स्प्रिंगच्या पंख्यापर्यंतचे अंतर जेमतेम चाळीस वर्षांचे आहे. ते कापताना कोणा एका माणसाने दुष्टपणा केला, असे म्हणता येत नाही. प्रत्येक बापाने शेजारच्या बापापेक्षा एक पाऊल आधी टाकले, इतकेच.

सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात आपण हे पाहतोच. वेदीवरचे नीट दिसावे म्हणून पुढच्या रांगेतील एक जण उभा राहतो. मग त्याच्या मागचा उभा राहतो. पाहता पाहता सारे पटांगण उभे. दिसते पूर्वीइतकेच, पाय मात्र सर्वांचे दुखतात. आणि आता बसायचे कोणी ठरवले, तर त्याला काहीच दिसणार नाही! बारावीची तयारी अकरावीत, मग नववीत, मग सहावीत आली, तरी जागा जितक्या आहेत तितक्याच राहतात. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. आमच्याकडे आलेल्या मुलाचे वय तेरा होते.

येथे एक धोका आहे, तो आम्हांला ठाऊक आहे. ज्याला मूल नाही, फी भरायची नाही, म्हातारपणी ज्याची सोय धर्मप्रांत पाहणार आहे, अशा माणसाने पालकांच्या महत्त्वाकांक्षेवर कोरडे ओढणे फार सोपे. आमच्याच घरी वाडीतली केळी आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. दहावीची पायरी चढलेला आमच्या कुटुंबातील पहिला मुलगा म्हणजे आमचा थोरला भाऊ. त्याच्या पगारावर आमच्या बहिणींची लग्ने झाली. ज्या घराला वशिला नाही, वडिलोपार्जित ओळख नाही, त्या घरातील मुलासमोर आडनाव न विचारणारी एक परीक्षा उभी असेल, तर तिला तुच्छ लेखण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? संत थॉमस अक्वायनस मनाच्या थोरवीला सद्गुण मानतो, आणि आपल्या कुवतीपेक्षा कमी मागणाऱ्या क्षुद्रमनस्कतेला दोष. धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणारा नोकर हे त्याने दिलेले त्या दोषाचे उदाहरण आहे. 'आपल्याला काय जमणार, आपण आपली साधी माणसे' या वाक्याला आपल्या समाजात नम्रतेचे वस्त्र फार दिवस नेसवले गेले.

लवकर तयारी करणे हेच चुकीचे म्हणावे, तर ख्रिस्तसभेलाच आधी उत्तर द्यावे लागेल. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने सेमिनऱ्या स्थापण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रवेशाचे वय किमान बारा ठरवले होते, आणि गरिबांच्या मुलांना अग्रक्रम द्यावा असे म्हटले होते. आम्ही स्वतः दहावीच्या निकालानंतर पत्र्याची पेटी घेऊन छोट्या सेमिनरीत दाखल झालो. पंधरा वर्षांचा मुलगा आजन्म ब्रह्मचर्याच्या वाटेला लागतो आणि त्याची आई कौतुकाने शेजाऱ्यांत पेढे वाटते. तेरा वर्षांचा मुलगा गणिताच्या वाटेला लागला की आम्ही भुवया उंचावतो. हा पक्षपात नव्हे काय?

या प्रश्नाने आम्हांला काही दिवस अस्वस्थ केले. उत्तर सापडले असेल तर ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या एका लहानशा तरतुदीत. गुरुपदाच्या शिक्षणावरील १९६५ सालच्या आदेशात परिषद म्हणते की, छोट्या सेमिनरीतील अभ्यासक्रम असा असावा की एखाद्या मुलाने दुसरी जीवनवाट निवडली, तर त्याला अडचण न येता अन्यत्र शिक्षण चालू ठेवता यावे. ज्या दारातून मुलगा आत आला त्याच्या शेजारचे दार उघडे ठेवायचे. तयारी आणि पैज यांत फरक असेल तर तो एवढाच. तयारी करणारा मुलाला काहीतरी देत असतो, आणि दिलेले ते जागा मिळो न मिळो, त्याच्यापाशी उरते. पैज लावणारा मुलालाच पणाला लावतो. हरला की काहीच उरत नाही.

आमच्या सेमिनरीत दर उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी रेक्टर एकेकाला खोलीत बोलावून विचारत, "पुन्हा यायचं आहे का?" दार ओढलेले असे, आईवडील तेथे नसत. आमच्या तुकडीतील चोवीस जणांपैकी सहा जण वेदीपर्यंत पोहोचले. येथवर सारे ठीक. परंतु घरी परतलेल्या अठरांचे काय? त्यांच्या गावांनी त्यांना 'सेमिनरीतून परत आलेला' असे नाव दिले आणि कित्येक वर्षे ते पुसू दिले नाही. एकाच्या आईने दोन सण घराबाहेर पाऊल ठेवले नाही. आम्ही जे दार उघडे ठेवले होते, ते गावाच्या तोंडाने बंद केले, आणि आम्ही पुरोहित गप्प राहिलो. आज आयआयटी न मिळालेल्या मुलाकडे आपण ज्या डोळ्यांनी पाहतो, ते डोळे आपल्याला कोणा शिकवणी वर्गाने दिलेले नाहीत. ते पूर्वीपासून आपलेच आहेत.

अभ्यासाविषयी सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने १९४२ साली एक निबंध लिहिला होता. ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावर आयुष्य काढलेली ही बाई शाळेत तत्त्वज्ञान शिकवत असे. तिचे म्हणणे असे की, भूमितीच्या एका उदाहरणावर मुलाने तासभर खरोखरीचे अवधान दिले आणि उत्तर आले नाही, तरी तो तास वाया गेलेला नसतो. अवधानाची जी शक्ती त्याच्या ठायी वाढली, तीच उद्या प्रार्थनेत आणि दुःखी शेजाऱ्याकडे पाहताना त्याच्या उपयोगी पडते. या दृष्टीने पाहिले तर कठीण गणित सोडवणे हे धर्मशिक्षणाच्या विरोधी नव्हेच. ते त्याचे भावंड आहे. दुर्दैव असे की या शर्यतीत नेमके तेच अवधान परवडत नाही. एका उदाहरणाला दोन-तीन मिनिटे. त्यात सुटले नाही तर सोडून पुढे जायचे. प्रश्न समजून घेण्यापेक्षा त्याची जात ओळखायला शिकवले जाते. सहा वर्षे असे ओळखत राहिलेल्या मुलाला भौतिकशास्त्र आवडते की नाही, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. मग तो वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहतो.

अशा वेळी संतांची उदाहरणे द्यायची आमची जुनी सवय. संत इग्नेशियस लोयोला तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिनची रूपे पाठ करू लागला. संत जॉन व्हियान्नीला लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीतून घरी पाठवले होते. पुढे तोच साऱ्या धर्मग्राम-धर्मगुरूंचा आश्रयदाता संत झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही त्या मुलाच्या वडिलांना त्या सांगून वाटेला लावणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. बार्सिलोनात इग्नेशियसला दोनच प्रयत्नांची अट नव्हती. उशिरा येणाऱ्यासाठी आजच्या व्यवस्थेने जे दार बंद केले आहे, ते संतचरित्राने उघडत नाही.

पालकांना मात्र एक गोष्ट सांगता येते, आणि ती आमच्या पदरची नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आईवडिलांना बजावले आहे की, व्यवसायाच्या निवडीत आणि जोडीदाराच्या निवडीत मुलांवर दडपण आणू नये. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. मुलीचे लग्न तिला न विचारता ठरवणाऱ्या बापाला आज आपल्यांतले कोणीही बरे म्हणणार नाही. सहावीतल्या मुलाचे आयुष्य ठरवणाऱ्या बापाचे आपण अभिनंदन करतो.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही पुन्हा बोलावले, एकट्यांना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, त्याला सोडायचं असेल तर सोडू दे. पण मी पैसे भरले नाहीत म्हणून त्याला मिळालं नाही, असं उद्या त्यानं म्हटलं तर?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वडिलांचे प्रेम आणि वडिलांचे भय एकाच वाक्यात इतके गुंतलेले असते की कोणते कोठे संपते ते कळू नये. जब्दीच्या पुत्रांच्या आईविषयी संत मत्तय पुन्हा एकदा लिहितो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. कालवारीवर दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत ती आहे. प्रभूच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण आहेत ते तिने तेथे पाहिले. आणि पाहूनही ती निघून गेली नव्हती.

आम्ही चौकशी केली तेव्हा असे आढळले की, एकट्या आमच्या धर्मग्रामात रविवारच्या चाचणीत अडकलेली मुले नऊ आहेत. बाकीच्यांच्या पालकांनी विचारण्याची तसदी न घेता मुले परस्पर पाठवायचे बंद केले होते. त्यांच्यासाठी आता बुधवारी रात्री साडेआठ वाजता निराळा वर्ग भरतो. आमच्या काही सहकारी बंधूंना हे पटलेले नाही. प्रभूच्या दिवसाने क्लासच्या वेळापत्रकापुढे मान तुकवली, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याइतकी खात्री आम्हांलाही नाही. मात्र वर्गात दाखल करून घेताना आम्ही प्रत्येक मुलाशी दार ओढून घेऊन, एकट्याशी बोललो. दोघांनी क्लास मनापासून आवडतो असे सांगितले. तिघांनी सोडायचा आहे म्हटले. त्यांतील दोघांच्या घरी आम्ही जाऊन आलो, तिसऱ्याने येऊ नका म्हणून विनवले. उरलेल्या चौघांनी ठाऊक नाही असे उत्तर दिले. त्या चौघांत तो आठवीतला मुलगाही आहे. सध्या तो दोन्हीकडे येतो. गेल्या बुधवारी पाठ चालू असताना बाकावर डोके टेकून तो झोपी गेला, आणि त्याला न्यायला आलेले वडील बाहेर पाऊस होता म्हणून आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. वर्ग सुटेपर्यंत आम्ही दोघांनीही त्याला उठवले नाही.