मराठीत ठाऊक नाही ते जपानीत कुठून सांगणार?

पर्यटनाची पदवी आणि जोडीला जपानी. प्रवेश घेताना हे केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतंत! आता दुसरं वर्ष संपत आलं. पर्यटनाच्या तासाला तुम्ही जपानी शब्दांच्या चिठ्ठ्या चाळता आणि जपानीच्या तासाला टूर पॅकेजचा प्रोजेक्ट उरकता. एका विषयाच्या आडून दुसऱ्याला टांग मारायची आणि घरी सांगायचं की दोन्ही अभ्यास चालू आहेत. आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

परवा अजिंठ्याला, पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, तुमच्यातली एक जण पद्मपाणीसमोर उभी राहून जपानीत बोलली. उच्चार स्वच्छ, क्रियापदं बिनचूक. चित्र पाचव्या शतकातलं आहे, फार सुंदर आहे, जगप्रसिद्ध आहे. इथे पाठांतर संपलं. मी पाहुणी होऊन विचारलं, हा रंग भिंतीवर बसवला कसा? गप्प. मागून कुणीतरी 'फ्रेस्को' म्हणून पुटपुटलं, आणि तेही चूक. ओल्या चुन्यावर रंगवतात ती फ्रेस्कोची रीत. इथे खडकावर माती आणि भुशाचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. त्यातला झळझळीत निळा लाजवर्दाचा; तो दगड थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. मी हे पहिल्याच सत्रात शिकवलं आहे, फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे, आणि मराठीत शिकवलं आहे. मराठीत ठाऊक नाही ते जपानीत कुठून सांगणार? भाषेचा पेपर चांगला गेला म्हणून मिरवू नका. बोलायला काही असेल तर भाषा उपयोगी.

आणि समोरचा पाहुणा कोण असतो, याचा कधी विचार केलात? पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर, आणि अवलोकितेश्वर जपानमध्ये कान्नोन या नावाने घरोघरी माहीत आहे. आजीचं बोट धरून त्याच्या देवळात गेलेल्या माणसाला 'हे बौद्ध चित्र आहे' एवढंच सांगणं म्हणजे पंढरपूरकराला विठोबा हा देव आहे असं सांगणं. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरात मुख्य दालनाच्या भिंतींवर जुनी चित्रं होती. अभ्यासक त्यांचं नातं अजिंठ्याशी जोडत आले आहेत. २६ जानेवारी १९४९ रोजी त्या दालनाला आग लागली आणि ती चित्रं करपली. देश हादरला. पुढच्याच वर्षी, १९५० साली, जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि आजही २६ जानेवारीला तिथल्या देवळांमध्ये आग विझवण्याच्या कवायती होतात. अराई कान्पो नावाचा चित्रकार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अजिंठ्याला येऊन या भिंतींच्या नकला करत बसला होता. पुढे होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्यांतही तोच होता. हे मनात घेऊन आलेला पाहुणा त्या मंद उजेडात भिंतीपुढे थबकतो, आणि तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघून 'नेक्स्ट केव्ह' म्हणता! लाज वाटली पाहिजे.

वेरूळलाही तीच गत. जपानी शिकणाऱ्या एकाही मुलाला सांगता येऊ नये की आपली सरस्वती तिकडे बेंझाइतेन होऊन हातात बिवा हे तंतुवाद्य घेऊन बसली आहे, आपला इंद्र तिकडे ताइशाकुतेन झाला आहे? हा धागा हातात असेल तर पाहुणा तासभर तुमच्याशी बोलेल. तो नसेल, तर मोबाइलवरचं भाषांतर तुमच्यापेक्षा स्वस्त आणि बिनचूक आहे, हे ध्यानात ठेवा.

आनिमे बघून जपानी शिकलेल्या शूरवीरांनो, तुमच्यासाठी वेगळं. त्यातली पोरं आपसात बोलतात तसं तुम्ही सत्तरीच्या बाईंशी बोलायला जाता. त्या चेहऱ्यावर काही दाखवणार नाहीत. मान डोलावतील, 'हाय, हाय' म्हणतील, कमरेत वाकून आभार मानतील, आणि त्या एजन्सीकडे पुन्हा कधी फिरकणार नाहीत. तक्रार आली नाही म्हणजे काम फत्ते झालं, असं समजून तुम्ही वर्षानुवर्षं तेच करत राहाल. समोरच्याच्या गप्प राहण्यात काय आहे ते ओळखायला शिकणं हासुद्धा अभ्यासक्रमच आहे. त्यासाठी जपानी माणसांचं जगणं वाचावं लागतं, पाहावं लागतं. ग्रंथालयातल्या जपानविषयीच्या कपाटाची किल्ली या वर्षी कुणीच मागितली नाही, असं ग्रंथपाल सांगतात. मी मुद्दाम चौकशी केली.

काही जणांचा हिशेब मला माहीत आहे. जपानीची एन-फाइव्ह परीक्षा, मग एन-फोर, की आयटी कंपनीत चिकटायचं. पर्यटन काय, टक्के काढायला सोपं. खुशाल जा, त्यात वाईट काही नाही. पण मग इथली जागा अडवू नका. सिल्लोड-सोयगाव भागातली, लेण्यांच्या पायथ्याशी वाढलेली मुलं या प्रवेशासाठी ताटकळत असतात. त्यांच्यातल्या कित्येकांना भिंतीवरची जातककथा तुमच्याहून चांगली सांगता येते. त्यांच्याकडे फक्त भाषा नाही, आणि ती शिकवायला मी बसले आहे.

सोमवारी सकाळी दहा वाजता सतरावं लेणं. छायाचित्रं मी पडद्यावर लावीन. वेस्सन्तर जातक प्रत्येकाने आधी मराठीत सांगायचं, मग जपानीत, हातात कागद न घेता. मध्ये मी प्रश्न विचारीन, आणि ते तुमच्या पुस्तकात नसतील. ज्याची तयारी झाली नसेल त्याने वर्गात न येता ग्रंथालयात जाऊन बसावं. हजेरी मी तिथे येऊन घेईन.