आजचे चिंतन : गीता ६.३७ ते ४०



आज सहाव्या अध्यायातला अर्जुनाचा प्रश्न वाचला. श्रद्धेने निघाला पण मधेच थांबला, अशा माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो ना इकडचा ना तिकडचा, असं होतं का?

मला एसआरटी अल्ट्रा आठवली. सिंहगड, राजगड, तोरणा. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर माझा गुडघा गेला. समोर तोरणा, १४०३ मीटर! चाकूरच्या सपाट रानात वाढलेला मी. शर्यत तिथेच सोडली. ऑफिसात मात्र कुणी विचारलं की ‘मस्त झाली’ म्हणायचो. खोटंच.

अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या डोंगरी शर्यतीला ३० तासांची मुदत असते. शेवटच्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, मागे राहिलेल्यांसाठी लोक टाळ्या वाजवत थांबतात. पण मी तर शेवटचाही नव्हतो.

धावणं म्हणजे योग नव्हे, मान्य. तरी भगवंतांचं उत्तर पुन्हा वाचलं. कल्याणाच्या वाटेवरचा कुणी दुर्गतीला जात नाही, हे पाठच होतं. त्यातलं संबोधन आज दिसलं. आधी ‘पार्थ’, आणि त्याच श्लोकात पुढे ‘तात’. तात म्हणजे बाप, पण मायेने लेकरालाही म्हणतात. आपण नाही का पोराला ‘बाबा’ म्हणत?

त्या रात्री चाकूरला फोन केला होता. किती किलोमीटर झाले, हे आईने विचारलंच नाही.

“नीट उतरलास का रे बाबा? जेवलास का?”