विस्मृतीनंतर काय उरते?

वृद्ध मातापित्यांना यात्रेस घेऊन येणाऱ्या मंडळींच्या मनात पुष्कळदा एक शंका असते. ती बोलून दाखवली जात नाही, एवढेच. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना सकाळचे दर्शन सायंकाळी आठवणार नाही, त्यांना एवढा प्रवास घडविण्यात अर्थ तो काय? ही शंका निर्दयपणाची नव्हे. तिचा विचार व्हावयास हवा.

स्थळ आणि प्रसंग यांची नोंद मेंदू अगदी वेगवेगळ्या वह्यांत करीत नाही. दोन्ही कानांच्या पातळीवर, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. उंदीर ठराविक जागी पोहोचताच तेथील ठराविक पेशी जागृत होतात, हे लंडनच्या जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये आढळले. पुढे २००५ मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना लगतच्या भागात अवकाशावर जणू जाळे टाकणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आयुष्यातील प्रसंगांची स्मृतीही याच हिप्पोकॅम्पसच्या साहाय्याने घडते. जुन्या धर्मशाळेच्या ओसरीवर पाऊल ठेवताच पूर्वीचे सोबती आठवतात, ते उगीच नव्हे.

हा भागच गमावला तर? अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यात तो दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. २००८ मध्ये निधन होईपर्यंत नवा प्रसंग त्यांच्या मनात टिकला नाही. तरीही आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कसब सरावाने त्यांच्या हाती आले. सराव केल्याचे मात्र त्यांना स्मरत नसे!

आमच्या शंकेचे उत्तर याहून जवळ नेणारा प्रयोग आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना दुःखद व आनंददायक चित्रपटांतील दृश्ये दाखविली गेली. दृश्ये लवकरच विस्मरणात गेली, भावना मात्र मागे रेंगाळली. २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांतही तसेच आढळले.

तेव्हा गाभाऱ्यातील क्षणभराची प्रसन्नता आठवण पुसली म्हणून वाया गेली, असे म्हणता येत नाही. अनुभवाचे मोल स्मरणावरून ठरविणे ही धडधाकट माणसाची सवय आहे, इतकेच. मात्र याच न्यायाने रांगेत खेकसून बोललेला शब्द विसरला गेला, तरी त्याचा सलही मागे राहू शकतो. आणि अनोळखी जागा व गर्दी पाहून जे भेदरतात, त्यांचे भयही. अशा वडीलधाऱ्यांना घरीच ठेवून प्रसाद नेऊन देण्यात कोणतीही उणीव नाही.