भूतदयेची कक्षा

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईंचे गाव आणि शेजारच्या हिंगोलीतले नर्सी हे नामदेवांचे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. समोरच्या जिवात देव पाहावा, ही तिची शिकवण. पण जो जीव समोर नाही, त्याच्याविषयी आपला धर्म काय? माझे म्हणणे असे की, प्राणी ज्या जागेवर आणि ज्या नात्यांवर जगतो, तिथवर पोचल्याशिवाय भूतदया पुरी होत नाही.

गिधाडांची हकिकत याचा सर्वांत कठोर पुरावा आहे. दुखऱ्या बैलाला आराम पडावा म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले जाई. त्यामागे दयाच होती. पण तो बैल मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण 2004 मध्ये जगापुढे आले आणि 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची ही हानी इतक्यात भरून येणारी नाही. एका जिवावरची दया दुसऱ्या जातीच्या मुळावर आली, कारण दोघांमधले नाते कोणी मोजलेच नव्हते.

जागेचेही तसेच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला बेताचा पाऊस यांतून दख्खनचे माळ घडले. सखल भागात काळी माती साचली, तिथे शेती आली. उथळ मातीच्या उंचवट्यांवर गवत राहिले. काळवीट, लांडगा, माळढोक हे त्या गवताचे रहिवासी. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. आपण त्या माळाला पडीक म्हटले आणि नांगर, रस्ते, विजेच्या तारा तिथे नेल्या. 1979 मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले, तरी आज देशात 200 हूनही कमी माळढोक उरले आहेत आणि तेही बहुतेक राजस्थानात.

कोणी म्हणेल, जाती नष्ट होणे हा सृष्टीचाच नियम आहे. खरे आहे, मरणही सृष्टीचाच नियम आहे, म्हणून हत्या निर्दोष ठरत नाही. परिणाम कळत असताना केलेली कृती ही जबाबदारीच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोरडवाहू शेतकऱ्याने आधी पोट पाहावे की पक्षी? पण ही निवड बहुतेकदा खोटी असते. डायक्लोफेनॅकऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध दिले तर बैलही बरा होतो आणि गिधाडही वाचते. माणसाचा हस्तक्षेप मुळातच पाप नाही, याची साक्ष वालूरची बारव देते. तिच्या चक्राकार पायऱ्या पाण्याच्या पातळीमागे खाली उतरतात. खडकात आहे तेवढेच पाणी मागणारी ही रचना आहे. गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनीच मोकळी केली.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. आपल्या माळावरचे गवत, त्यावर येणारे पक्षी आणि चरणारी जनावरे यांची नावे ग्रामसभेने त्या वहीत लिहावीत, आणि ती वाचल्याशिवाय कोणत्याही जमिनीला पडीक म्हणू नये.