दिवाळसणाचे रीळ

यंदा आमच्या घरी पहिला दिवाळसण. जावई मालवणकडचे; ते आणि माझी मुलगी दोघेही पुण्यास नोकरी करतात. जावयाला काय द्यावे हा प्रश्न माझ्या वडिलांना कधी पडला नाही. भंडारा हे पितळेचे गाव. दुकानात जावे, भांडे हातावर तोलून पाहावे, बोटाने टिचकी मारून नाद ऐकावा. जड आणि खणखणीत ते चांगले. मॅट्रिकपाशी थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तरालाही वस्तूची पारख म्हणून जी काही येते ती एवढीच.

मुलीला फोनवर विचारले. ती म्हणाली, "त्यांना काही नको आहे, बाबा. पण गावी गेले की कर्लीच्या खाडीवर गळ घेऊन उभे राहतात, आणि त्यांचं रीळ खाऱ्या पाण्यानं पार गच्च झालंय."

मी तलावांच्या जिल्ह्यातला माणूस. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, बोड्या, आणि मधून वाहणारी वैनगंगा. आमचे सारे पाणी गोडे. लोखंड मिठाने लवकर गंजते असे वर्गात शिकवत आलो, पण डोळ्यांनी कधी पाहिले नाही. आमच्याकडे मासे धरणे म्हणजे ढिवरांचे जाळे. रीळ म्हटले की मला शिवणयंत्र आठवायचे!

मग चौकशीला लागलो. या प्रकारात गळाला पिसांची किंवा केसांची खोटी माशी बांधतात. तिला वजन कसले? म्हणून दोरच जड करतात आणि डोक्यावरून झुलवून दूर फेकतात. लहान माशांच्या ओढ्यात रिळाचे काम दोर गुंडाळून ठेवण्यापुरते. समुद्रातला मोठा मासा मात्र एका धावेत शंभर मीटर दोरसुद्धा ओढून नेतो. त्या वेळी रिळातल्या ब्रेकची परीक्षा असते. दोर गच्च धरला तर तुटतो आणि मोकळा सोडला तर मासा जातो. म्हणून ताण कायम ठेवून दोर सोडत राहायचा. चांगल्या रिळात हा ब्रेक बंद डबीत असतो, म्हणजे खार आणि वाळू आत शिरत नाही. अंग अॅल्युमिनियमच्या अखंड तुकड्यातून कोरलेले, वर अॅनोडायझिंगचा थर. फिरकीचा गाभा रुंद, म्हणजे एका फेऱ्यात अधिक दोर गोळा होतो. आणि एवढे सारे करून वजनाला हलके. एवढे करूनही घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे लागते ते लागतेच.

हलके! माझी एकुलती एक कसोटी तिथेच निकालात निघाली.

गळ टाकून मासे धरणे हा साहेबांचा शौक, अशी माझी समजूत होती. एच. एस. थॉमस या इंग्रजाने 1873 साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, हे खरे. पण चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मत्स्यविनोद ही राजाची करमणूक म्हणून वर्णिली आहे. म्हणजे जावईबापूंचा शौक काही परका नाही. तेवढेच मला बरे वाटले.

मुंबईच्या दुकानदाराने चार नगांची चित्रे धाडली. सर्वांत महाग होते ते मी ठरवून टाकले. माझ्या महिन्याच्या पगाराचा निम्म्याहून अधिक भाग त्यात जात होता. बायको म्हणाली, "त्यांनी मागितलंय का?" नव्हते मागितले. 1961 च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरला, आणि आमच्या लग्नात तो शब्द कुणी उच्चारलाही नव्हता. "मग एवढं कशाला?" या प्रश्नाला मी रागावून उत्तर दिले, आणि रात्री झोप येईना.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची इच्छा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. माझा डोळा कशावर होता? माझ्या पोरीला त्या घरात कुणी उणे बोलू नये, यावर. मी रीळ घेत नव्हतो, हमी घेत होतो. बापाच्या काळजीला राजस म्हणताना जीभ अडखळते. परंतु जावयाने काहीच मागितले नसताना त्याच्या हातात हमीचे ओझे द्यायचे, आणि त्याला भेट म्हणायचे, हे कितपत बरे?

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने फोनवर दोन गोष्टी विचारल्या. काठी कितव्या नंबरची आहे, आणि ते रीळ कोणत्या हाताने फिरवतात? मी गप्प. तो म्हणाला, "बहुतेक रिळांची बाजू बदलता येते, काळजी नको." त्याची काळजी मिटली. मी मात्र फोन ठेवून ओसरीवर बसून राहिलो. पोटची पोर ज्या माणसाला दिली, तो डावरा की उजवा हे मला ठाऊक नव्हते! पगार, शेती, घर, सगळे विचारले होते.

शेवटी जावयांनाच फोन लावला. नवलाची गोष्ट म्हणजे ते पाऊण तास बोलले. काठी आठ नंबरची. ती उजव्या हातात, रीळ डाव्याने. खाडीतला चोणक कसा खोडाआड दडून बसतो, आणि लहान मासा ते परत पाण्यात कसा सोडतात, तेही सांगितले. मग ओशाळून म्हणाले, "महागडं नको, बाबा. खडकावर आपटतं. ब्रेक बंद डबीतला असला की पुरे." चौघांतले दुसरे, मधल्या किमतीचे, त्यांनीच निवडले.

परवा ते आले. आमच्या तलावावरच्या म्हाताऱ्या ढिवराला दाखवले. त्याने तळहातावर घेतले, दोर हळूहळू ओढून पाहिला, कानाशी नेऊन ऐकला.

"धरते बी अन् सोडते बी," तो म्हणाला. मासा परत सोडतात हे ऐकून मात्र त्याला हसू आवरेना. "सोडाचाच आहे त मंग धरते कायले जी?"

हा प्रश्न मी जावयांसाठी राखून ठेवला आहे. ते धनत्रयोदशीला येतात. पाट मांडायची तालीम करताना बायकोने विचारले, पाण्याचा तांब्या कोणत्या बाजूला ठेवू? मी म्हटले, नेहमीसारखा डावीकडेच ठेव; जेवतात ते उजव्यानेच. तेही विचारून घेतले आहे.