भरपाई आणि परतफेड

शेजारून खाऊ घेऊन आलेला डबा रिकामा परत करू नये, अशी आपल्या घरांतील जुनी रीत. तो ठेवून घ्यावा आणि किंमत देऊन मोकळे व्हावे, असे कोणाच्या मनातही येत नसे. पैसे दिल्याने परत करण्याचे कर्तव्य फिटते काय? मालवाहतुकीत हा प्रश्न आज नव्या रूपात उभा आहे.

ज्या लाकडी तख्तावर माल रचून ट्रकमध्ये चढवितात, त्यास पॅलेट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात अशा पॅलेटांचा सामायिक साठा उभा राहिला. त्यातून पुढे आलेली ‘चेप’ कंपनी आपली निळी पॅलेटे विकत नाही, भाड्याने देते. पॅलेट परत न आल्यास ती भरपाई घेते; परंतु त्यामुळे मालकी बदलते, असे मानीत नाही.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही हाच क्रम आहे. कलम १६० प्रमाणे, सोपविलेली वस्तू मुदत संपताच, मागणीची वाट न पाहता परत करावयाची असते. नुकसानीची जबाबदारी त्यानंतर, कलम १६१ मध्ये येते. भरपाई हा परत करण्यास पर्याय नव्हे. ते कर्तव्य चुकल्याचा परिणाम होय.

हा क्रम उलटला की काय होते, ते २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. इस्रायलमधील हैफा येथे सहा पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांस दंड लावला. उशीर कमी न होता वाढला. दंड उठविल्यावरही पूर्वीची शिस्त परतली नाही. दंडास पालक जादा वेळेचे मोल समजू लागले होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

परंतु भरपाई घेणाराही याच मोहात सापडतो. नोकरीत असताना धान्याच्या रिकाम्या बारदानाची किंमत आम्ही एका लहान दुकानदाराकडून वसूल केली. पोती गाडीवानाकडे दिल्याचे तो सांगत होता. पावती मात्र नव्हती. नोंदवहीत अखेरचे नाव त्याचे, म्हणून वसुलीही त्याच्याकडून. पुढे ती पोती वाहतूकदाराच्या गोदामात सापडली. तोवर आमची बदली झाली होती. रक्कम परत व्हावी म्हणून एक पत्र लिहिणे आमच्या हाती होते. ते आम्ही लिहिले नाही.

सरकारी हिशेब तेव्हाच मिटला. परत न केलेली वस्तू मात्र त्या दुकानदाराकडे कधीच नव्हती; ती आमच्याकडे आहे.