ओंडक्यातला नाग

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत, म्हणजे जुन्या भांदकात, भद्रनागाचे मंदिर आहे, केसरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे आणि विजासनची बौद्ध लेणी आहेत. पहिल्या दोन ठिकाणी नाग समोरच दिसतो. तिसऱ्याच्या परंपरेतही तो आहे, फक्त ग्रंथात शोधावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि दारोदारी शेकोट्या पेटतात, तेव्हा या नागाच्या कथा मुद्दाम आठवायला हव्यात.

जैन परंपरा सांगते की, पार्श्वनाथ राजकुमार असताना कमठ नावाचा तापस पंचाग्नी साधत बसला होता. कुमाराने जळता ओंडका फोडायला लावला, तर आत होरपळलेला नाग. बौद्ध विनयपिटकातली हकीकत याच्याशी विलक्षण जुळते. भग्ग देशात हिवाळ्यात भिक्खूंनी एक मोठा पोकळ ओंडका पेटवला आणि ते अंग शेकत बसले. पोकळीतला काळा साप तापला, बाहेर आला आणि त्यांच्या अंगावर धावला. त्यावरून पुढे नियम झाला: आजारी नसलेल्या भिक्खूने शेकण्यासाठी जाळ करू नये.

हा नियम देहदंडाचा नाही. आजाऱ्याला सूट आहे, दिव्याला आहे, गरम स्नानगृहाला आहे. दुसऱ्याने पेटवलेल्या जाळावर आणि ज्वाळा विझलेल्या निखाऱ्यांवरही शेकता येते. म्हणजे जाळ एकच असावा आणि त्याभोवती अनेकांनी बसावे. प्रत्येक ओट्यावर वेगळी शेकोटी पेटवणाऱ्या आजच्या गल्लीला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पण दुसऱ्याने पेटवला म्हणून दोष टळतो का? इथे जैन विचार जास्त कठोर आहे आणि जास्त खराही. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि तिला अनुमोदन देणे, तिन्हींचा दोष तो मोजतो. या कसोटीवर विजेचा हीटरही निर्दोष ठरत नाही. दोन हजार वॅटचा हीटर तासभर चालला की दोन युनिट जातात, आणि तेवढ्यासाठी औष्णिक केंद्रात सव्वा ते दीड किलो कोळसा जळतो. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होऊन घरी पोहोचतो. चंद्रपूरचे केंद्र 2920 मेगावॅटचे, कोळशाच्या खाणी भद्रावती तालुक्यातही. इथल्या माणसाला तो जाळ परका म्हणता येत नाही.

सरपणाचा हिशेब तर याहून जवळचा. ताडोब्याचे मोहर्ली प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. जिल्ह्यात लाकडे, मोहफुले, तेंदूपाने आणायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून गावांना गॅस मिळाला, हे चांगलेच झाले. मात्र चूल स्वयंपाकासोबत घरही ऊबदार ठेवत असे. गॅस ते करत नाही, त्यामुळे आंघोळीच्या पाण्याला आणि शेकायला लाकूड लागतेच. ओंडक्यातला साप आता दिसत नाही, तरी त्या मोळीमागे जीव धोक्यात घालणारी बाई असते.

मग जाळाविना ऊब कशी? विजासनला सरळ खडकात शिरणारा लांब बोळ आहे, टोकाला बसलेला बुद्ध, आणि डावी-उजवीकडे तसेच आणखी बोळ. इतका जाड दगड लवकर तापत नाही की गार पडत नाही. जाड मातीच्या भिंतीही याच रीतीने दिवसाची ऊब रात्री परत देतात. फटी शेण-मातीने लिंपाव्यात, दक्षिणेचे ऊन दुपारी आत घ्यावे, सूर्य कलताच दार लावावे, अंथरुणाखाली तणस आणि वर गोधडी घ्यावी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे. तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही मुले यांच्यासाठी जाळ करताना कुणी अपराधी वाटून घेऊ नये. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमानेही आजाऱ्याला आधी मोकळीक दिली. धडधाकट आणि सुखवस्तू माणसांनी मात्र आपला जाळ आवरावा. हीटरचे पैसे वाचतील, त्यातून जंगलकाठच्या एखाद्या घरी थंडी पडण्याआधी दोन जाड कांबळी पोहोचवावीत. तेवढ्याने तिथल्या बाईच्या जंगलातल्या काही फेऱ्या तरी कमी होतील.